लाल म्हणजे नेमके कोण? मराठी संपादकांना खुले पत्र

मराठी वृत्तवाहिन्यांचे आणि दैनिकांचे संपादक, तसेच त्यांच्या ग्राफिक्स विभागातली मंडळी यांस,

स. न. वि. वि.

सांगलीत आमचा ऑफसेटचा छापखाना आहे. आता तो मुलगा बघतो, मी दुपारचा जाऊन बसतो. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत सगळ्या पक्षांची पत्रके आणि पोस्टर आम्ही छापली, आणि कायद्याप्रमाणे प्रत्येकाच्या तळाशी मुद्रक-प्रकाशकाचे नाव आणि पत्ताही टाकला. या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. मजकुरात वेलांटी चुकली तर कुणी बघत नाही, पण भगवा जरा पिवळट गेला किंवा निळा जांभळट दिसला की कार्यकर्ते गठ्ठाच्या गठ्ठा परत आणून टाकतात. तेव्हा रंगांबद्दल चार शब्द बोलण्याचा हक्क मला आहे असे मी धरून चालतो.

पत्राला निमित्त २०२४ सालचे आहे. त्या वर्षी ४ जुलैला ब्रिटनमध्ये मजूर पक्ष जिंकला आणि ५ नोव्हेंबरला अमेरिकेत ट्रम्प जिंकले. एका मराठी वाहिनीवर मी दोन्ही निकाल पाहिले. ब्रिटनचा नकाशा लाल झाला, चार महिन्यांनी अमेरिकेचाही लाल झाला. रंग दोन्ही वेळा बरोबर होते. पण कुठला रंग कुठल्या पक्षाचा हे सांगणारी सूची एकदाही दिसली नाही आणि निवेदकानेही लाल म्हणजे कोण ते सांगितले नाही. उलट नोव्हेंबरात पडद्याखालच्या पट्टीवर ‘ब्रिटननंतर अमेरिकेतही लाल लाट’ असे सरकत होते. म्हणजे कामगार संघटनांच्या पाठिंब्यावर उभा राहिलेला पक्ष आणि डोनाल्ड ट्रम्प एकाच लाटेवर! आमच्या गल्लीतल्या एका जुन्या शेकाप कार्यकर्त्याने मला खरोखरच विचारले, ‘अमेरिकेत लाल बावटा कधी आला हो?’ हसू आले, पण दोष त्यांचा नव्हता. त्यांनी आयुष्यभर जो लाल पाहिला तोच त्यांना पडद्यावर दिसला.

आपला प्रेक्षक कोऱ्या डोळ्यांनी टीव्हीसमोर बसत नाही. १९२८ पासूनची लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन, रायगड आणि सांगोल्यातला शेकाप, शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला, १९४२ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनपासून आजपर्यंत आलेला निळा झेंडा, भगवा, हिरवा, धनगर समाजाचा पिवळा, हे सगळे त्याच्या नजरेत मुरलेले आहे. आपल्याकडे रंग पक्षाचा असतो, आणि त्याआधी समाजाचाही असतो. त्याला तुम्ही नुसता रंगवलेला नकाशा दिलात तर तो आपला अर्थ आपण लावणारच.

अमेरिकेची गोष्ट तर खास तुमच्या ग्राफिक्स खात्याची आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

रिपब्लिकन लाल आणि डेमोक्रॅट निळे ही वाटणी कुठल्या पक्षाने केली नाही, कुठल्या कायद्याने तर नाहीच. १९७६ साली एनबीसी वाहिनीने स्टुडिओत दिव्यांचा मोठा नकाशा उभा केला. त्यात डेमोक्रॅट कार्टर यांनी जिंकलेले राज्य लाल उजळायचे आणि रिपब्लिकन फोर्ड यांचे निळे. आजच्या बरोबर उलट. इतर वाहिन्यांचे रंग आणखी वेगळे होते. १९८० साली रिपब्लिकन रेगन यांनी ४४ राज्ये घेतली तेव्हा एनबीसीचा नकाशा इतका निळाशार झाला की त्यांच्याच डेव्हिड ब्रिंकली या निवेदकांना तो उपनगरातल्या पोहण्याच्या तलावासारखा दिसू लागला. पुढची वीस वर्षे ज्याला जो रंग बरा वाटला तो त्याने वापरला, आणि कुणाचे काही अडले नाही.

मग आली २०००ची निवडणूक. रिपब्लिकन बुश आणि डेमोक्रॅट गोर यांचा निकाल फ्लोरिडात अडकला, ५३७ मतांच्या फरकावर. ७ नोव्हेंबरला झालेले मतदान १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयात मिटले. हे पाच आठवडे प्रत्येक घरात रोज तोच नकाशा दिसत होता, आणि त्या वर्षी बहुतेकांच्या नकाशावर बुश लाल आणि गोर निळे होते. लोकांच्या डोळ्यांत ते इतके भिनले की ‘लाल राज्ये’ आणि ‘निळी राज्ये’ ही बोलीच तयार झाली. न्यूयॉर्क टाइम्सच्या ग्राफिक्स विभागातल्या आर्ची त्से यांना नंतर कुणीतरी विचारले, रिपब्लिकनांना लाल का दिलात? त्यांचे उत्तर असे की इंग्रजीत लाल आणि रिपब्लिकन हे दोन्ही शब्द ‘आर’ने सुरू होतात. एवढेच कारण! आज त्याच लाल रंगाची टोपी घालून लोक सभेला जातात, आणि घरावर कुठल्या रंगाची पाटी लावली यावरून शेजारी एकमेकांशी बोलायचे थांबतात.

याचा अर्थ तुम्हा लोकांना मी सांगायला नको. रात्री दोन वाजता, मुदतीच्या घाईत, संगणकावर बसलेला कुणीतरी रंग निवडतो आणि देशाला पंचवीस वर्षे पुरेल अशी बोली देऊन जातो. एवढी ताकद हातात असलेल्या माणसाने सूची टाकायचा कंटाळा करू नये.

अमेरिकेबाहेर गेलात की लाल परत डावीकडे सरकतो. फ्रान्समध्ये १७९१ साली लाल झेंडा सरकारचा होता. तो फडकला की जमाव पांगवायला गोळ्या सुटणार असा त्याचा इशारा असे, आणि १७ जुलैला पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावर तशा सुटल्याही. पुढे ज्यांच्यावर गोळ्या चालायच्या त्यांनीच तो उचलला, आणि १८७१ च्या पॅरिस कम्यून या उठावापर्यंत तो पक्का कामगारांचा झाला. आपल्या परळ-लालबागपर्यंत पोचलेला लाल तोच. ब्रिटनच्या मजूर पक्षानेही तो सांभाळला, फक्त १९८६ मध्ये झेंड्याऐवजी लाल गुलाबाचे चिन्ह घेतले, म्हणजे मध्यमवर्ग बिचकायला नको. तिथले हुजूर निळे. कॅनडात लिबरल लाल, कॉन्झर्व्हेटिव्ह निळे आणि लिबरलांच्याही डावीकडचा एनडीपी नारंगी. ऑस्ट्रेलियात लेबर लाल, आणि लिबरल म्हणवणारा उजवा पक्ष निळा. २०२२ साली तिथे शहरी, पर्यावरणवादी अपक्षांनी लिबरलांच्या हक्काच्या जागा घेतल्या. त्यांचा रंग मोरपंखी होता, निळा आणि हिरवा मिसळला की होतो तसा. प्रचारातला बराचसा मजकूर त्या एका छटेनेच सांगितला होता. मला तर त्या कलाकाराला दाद द्यावीशी वाटली.

पण खरा कस लागतो तो जर्मनीत. तिथल्या बातम्या रंगांशिवाय कळतच नाहीत, आणि तुमच्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तोही तिथलाच.

तिथला सर्वात मोठा उजवा-मध्यममार्गी पक्ष सीडीयू काळा आहे. कॅथलिक धर्मगुरूंच्या काळ्या झग्यावरून तो रंग राजकारणात आला. आपल्याकडे काळे झेंडे म्हणजे निषेध, फार तर तमिळनाडूत द्रमुकच्या झेंड्याचा वरचा अर्धा भाग, त्यामुळे एखाद्या विजयी पक्षाचा आलेखातला स्तंभ काळाकुट्ट दाखवला की आपल्या माणसाला आधी शोकसंदेश आठवतो. सोशल डेमोक्रॅट लाल, उदारमतवादी एफडीपी पिवळे, हरित पक्ष हिरवा. डिसेंबर २०२१ मध्ये लाल, पिवळा, हिरवा एकत्र आले, म्हणून ते ‘सिग्नल’ सरकार. ते मोडले ६ नोव्हेंबर २०२४ ला, ट्रम्प यांच्या विजयाच्या दुसऱ्याच दिवशी. काळा, पिवळा, हिरवा जमले तर ‘जमैका’, कारण जमैकाच्या ध्वजात तेच तीन रंग आहेत. २०१७ साली तशी बोलणी झाली आणि एफडीपी उठून गेल्याने फिसकटली. काळा, लाल, हिरवा आले तर ‘केनिया’, आणि असे सरकार २०१६ मध्ये साक्सनी-आनहाल्ट राज्यात बसलेही. आता कुणी घाईत ‘जर्मनीत जमैकाची बोलणी फिसकटली’ एवढेच छापले तर वाचक काय समजेल? क्रिकेटचा दौरा रद्द झाला असेच ना?

निळ्याचे तर विचारूच नका. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत पूर्वीच्या पूर्व जर्मनीचा नकाशा बर्लिन सोडून जवळपास सगळा निळा झाला. हा निळा एएफडीचा, म्हणजे स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या कडव्या उजव्या पक्षाचा. आदल्या नोव्हेंबरात तुम्ही आम्हाला निळा म्हणजे कमला हॅरिस असे शिकवले होते. शेजारच्या ऑस्ट्रियात अतिउजवे निळेच आहेत, आणि तिथला जुना काळा पक्ष सेबास्टियन कुर्त्स यांनी २०१७ मध्ये फिरोजी करून टाकला. धोरणात फार फरक पडला नाही, पण पोस्टर एकदम तरुण दिसू लागली. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, हा सगळ्यात स्वस्त पक्षसुधार आहे.

रंगांची सरळ अदलाबदल पाहायची असेल तर दक्षिण कोरियात जावे. उत्तरेकडे कम्युनिस्ट राजवट, त्यामुळे लाल रंगाचा तिथे वर्षानुवर्षे धसका. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकात लाल शर्ट घालून लाखो लोक रस्त्यावर आले तेव्हा तो धसका थोडा निवळला. २०१२ साली पार्क गन-हे यांनी आपल्या पुराणमतवादी पक्षाचे नाव बदलले आणि निळा टाकून चक्क लाल घेतला. त्याच वर्षी त्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकल्या. पुढच्या वर्षी विरोधी लोकशाहीवादी पक्षाने रिकामा झालेला निळा उचलला. म्हणजे २०११ चा कोरियाचा नकाशा आणि आजचा नकाशा शेजारी ठेवून ‘रंगावरून’ वाचाल तर निळ्याचा अर्थच उलटा निघेल.

उरुग्वेची कथा मला छापखानेवाला म्हणून फार आवडते. १८३६ साली कार्पिंतेरियाच्या लढाईत दोन्ही बाजूंचे सैनिक ओळखू यावेत म्हणून फिती बांधल्या गेल्या. ओरिबे यांच्या लोकांनी पांढऱ्या बांधल्या, रिवेरा यांच्या लोकांनी आधी निळ्या. निळा उन्हात विटला म्हणून त्यांनी घोंगडीसारख्या पोंचोच्या आतले लाल अस्तर फाडून तेच बांधले, असे तिथे सांगतात. त्यातून ‘ब्लांको’ म्हणजे पांढरे आणि ‘कोलोराडो’ म्हणजे लाल असे दोन पक्ष झाले, आणि ते आजही निवडणुका लढवतात. आमच्या शाईचा अनुभव मात्र नेमका उलटा आहे. भिंतीवरच्या पोस्टरातला पिवळा आणि लाल आधी उडतो, निळा मागे राहतो. सहा महिने उन्हात राहिलेला पुढारी कुठल्याही पक्षाचा असो, निळसरच दिसतो.

आता घराकडे येऊ. निवडणूक आयोग आपल्याकडे चिन्ह देतो, रंग देत नाही. मतदानयंत्रावर कमळ, हात, मशाल, घड्याळ सगळे काळ्या-पांढऱ्यात. रंग ज्याचा त्याने निवडायचा आणि वाटेल तेव्हा बदलायचा. मनसेने २००६ चा निळा-पांढरा-भगवा-हिरवा पट्ट्यांचा झेंडा २३ जानेवारी २०२० ला उतरवून राजमुद्रेचा भगवा घेतला. आमच्याकडे जुन्या चौरंगी पत्रकांचे उरलेले गठ्ठे तेव्हा रद्दीत गेले.

रंगावर मतदान आपल्याही देशात होऊन गेले आहे. १९३७ साली मद्रास प्रांतात प्रत्येक पक्षाची मतपेटी वेगळ्या रंगाची होती आणि काँग्रेसची होती पिवळी. गांधींना आणि पिवळ्या पेटीला मत द्या, असा तिथे प्रचार होता. आज पिवळा म्हटले की काँग्रेस कुणालाही आठवत नाही. दक्षिणेत तो एन. टी. रामाराव यांनी १९८२ मध्ये काढलेल्या तेलुगू देशमचा झाला.

आणि चिन्हावरून रंग, रंगावरून पक्ष असा उलटा प्रवासही असतो. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, वेगळे राहायचे असेल तर दोन पाने. दोन पाने ३४,०२१ मतांनी जिंकली, आणि कौल संपल्यावर फूल-पानांचे राजकारणातले काम तिथेच संपले. केनियात २००५ मध्ये राज्यघटनेच्या सार्वमताला अशीच चित्रे दिली होती. ‘हो’ला केळे, ‘नाही’ला संत्रे. संत्रे जिंकले, पण ते घरी गेले नाही. ‘नाही’वाल्यांनी त्याच नावाने ऑरेंज डेमोक्रॅटिक मूव्हमेंट हा पक्ष काढला आणि नारंगी रंग केनियाच्या राजकारणात कायमचा बसला. हा नारंगी फळाचा आहे. त्याच्यात कुठली विचारसरणी शोधायला जाऊ नका.

मॉरिशसचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण तिथे आपले मराठी लोक आहेत. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि इथल्या नातलगांच्या फोनवर तिथल्या बातम्या येतात. तिथे मजूर पक्ष लाल, एमएमएम जांभळा, पीएमएसडी निळा आणि सूर्य चिन्ह असलेला एमएसएम नारंगी. १० नोव्हेंबर २०२४ ला मजूर पक्षाचे नेते नवीनचंद्र रामगुलाम यांच्या आघाडीने मुख्य बेटावरच्या सर्वच्या सर्व ६० जागा घेतल्या आणि नारंगी पार झोपला. लगेच आमच्या व्हॉट्सॲप गटात संदेश आला, ‘मॉरिशसमध्ये भगव्याचा सुपडा साफ’. त्या नारंगीचा आणि आपल्या भगव्याचा संबंध काय, हे पाठवणाऱ्याला ठाऊक नव्हते, आणि ज्या दोन-तीन ठिकाणी मी मराठीत ती बातमी शोधली तिथे कुणी सांगितलेही नव्हते.

एका बाबतीत मात्र महाराष्ट्र जगाहून शहाणा आहे. बंगालमध्ये निकालाचा आबीर, म्हणजे उधळायचा रंगही, पक्षाचा असतो. २०११ ला डाव्यांची ३४ वर्षांची सत्ता गेली आणि तृणमूलच्या आबीराने रस्ते हिरवे झाले. आपल्याकडे मात्र कोण जिंकले हे गुलालावरून ओळखता येत नाही. भगवा आला तरी गुलाल, घड्याळ आले तरी तोच गुलाल, आणि साखर कारखान्याचे पॅनेल आले तरी तोच. ‘गुलाल कुणाचा?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून आपण नाव सांगतो, रंग सांगत नाही. मला तुमच्याकडून तेवढेच हवे आहे.

म्हणून विनंती अशी. परदेशी निवडणुकीचा नकाशा किंवा स्तंभ दाखवाल तेव्हा प्रत्येक वेळी त्यावर पक्षाचे नाव मराठीत येऊ द्या. रात्री आठला एकदा दाखवून भागत नाही, कारण लोक जेवून नऊला टीव्ही लावतात. त्या-त्या देशाचे रंग तसेच ठेवा. आपल्याला सवयीचे म्हणून अमेरिकेचे रंग जर्मनीला लावू नका. मथळ्यात रंगाला कर्ता करू नका. ‘लाल लाट’, ‘निळे वादळ’ असे लिहायला झोकदार वाटते, पण कुणाची लाट हे त्यात नसते.

दैनिकांच्या मंडळींना धंद्यातली एक गोष्ट वेगळी सांगतो. जिल्हा आवृत्तीची आतली पाने अजून काळ्या-पांढऱ्यात छापली जातात. एजन्सीकडून आलेला रंगीत नकाशा तुम्ही तसाच तिथे टाकता, आणि लाल व निळा दोन्ही सारखेच करडे होऊन बसतात. सकाळी वाचकाला दिसतो तो एकाच पक्षाने जिंकलेला देश. अशा पानासाठी एकाला तिरप्या रेघा आणि दुसऱ्याला ठिपके द्या. पूर्वी शिशाच्या ठशांच्या काळात आम्ही तेच करत होतो. त्याचा फायदा टीव्हीवरही आहे, कारण बऱ्याच पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक जन्मतःच दिसत नाही, आणि त्यांनाही निवडणूक बघायची असते.

नकाशातल्या रंगाच्या पसाऱ्यालाही भुलू नका. वायोमिंग राज्य आकाराने महाराष्ट्राच्या चार-पंचमांश भरते, वस्ती सहा लाखांच्या आत, आणि राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मंडळात त्याला मते तीन. न्यू जर्सी महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान, वस्ती नव्वद लाखांच्या वर, मते १४. आपल्या कितीतरी मराठी घरांची मुले त्या न्यू जर्सीत आहेत, पण तुमच्या नकाशावर तो निळा ठिपका बोटाखाली झाकून जातो. नकाशाशेजारी आकडा मोठ्या टायपात द्या.

३ नोव्हेंबर २०२६ ला अमेरिकेत मध्यावधी निवडणूक आहे. तेव्हा परत लाल-निळा नकाशा येईल. सूची कुठे बसवायची यावर तुमच्या डिझायनरचे आणि माझे मतभेद होतील. कोपऱ्यात जागा नाही म्हणाल तर खालच्या पट्टीत टाका, पट्टीत जाहिरात असेल तर वर टाका. पण टाका.

कळावे,
आपला
एक निवृत्त मुद्रक, सांगली